प्रकाशचा पिवळा कॅन

माझा धाकटा दीर प्रकाश गेल्याचा फोन आला, तेव्हा मी सावंतवाडीच्या बाजारात काजूगराच्या पिशव्या उतरवत होते. सगळ्या उतरवल्या आणि मगच निघाले. त्यानेही तेच केलं असतं.

भात कापून झालं की प्रकाश रस्त्याकडेच्या शेतात सूर्यफूल लावायचा. बियांच्या तेलाचं बायोडिझेल करून त्यावर पाण्याचा पंप चालवायचा. पहिल्यांदा पंप धडधडला तेव्हा वाडी जमली, टाळ्या वाजल्या. पण ते पीक वाढवताना किती साधं डिझेल जळलं, हे प्रकाशलाच ठाऊक होतं. पुढच्या हंगामात मला म्हणाला, "वयनी, औंदा दुसरा काय घालूचा नाय. गेल्या वर्षीच्या फुलांनीच ह्या वर्षीच्या फुलांक पाणी पाजूचा." त्यासाठी एक पिवळा कॅन ठेवला. त्याला डिझेलचा थेंब लागू दिला नाही. नांगरणीचा टिलर आणि पंप, दोन्ही त्याच कॅनवर. कॅन नांगरणीतच अर्धा झाला आणि फुलं कळीत असताना संपला...

शेजारचा बाबल बांधावर येऊन म्हणाला, "घाल रे डिझेल. कोण बघता?"

"मी बघतंय मां."

"मगे तू तोंड फिरव, मी घालतंय."

प्रकाश हसला, पण डिझेल घातलं नाही. फुलं उभ्या उभ्या वाळली. मग येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून स्वतःच सांगायचा, "घातलंय तितक्या त्याल परत गावूक नाय. तुमी ह्यात पडा नको." ऐकणारे अवघडायचे. आम्ही घरचेसुद्धा.

शोकसभेत वाडीने ठरवलं, त्याचा पंप चालवून श्रद्धांजली द्यायची. फुलांचं तेल कुठून आणणार? बाबलने माझ्याकडे बघितलं. कार्यक्रम खोळंबला होता, आणि खोळंबा मला खपत नाही. खुंटीवरचा पिवळा कॅन मीच काढून दिला, नाक्यावरून डिझेल मीच आणवलं. पंप धडधडला. "फुलांवर चालणारा पंप," असं कुणीतरी माईकवरून सांगितलं, लोकांनी हात जोडले. मी पुढच्या रांगेत होते. मीही जोडले.

निघताना वरच्या वाडीतला एक शेतकरी विचारू लागला, "काकी, ह्या फुलांचा बियाणा खंय गावतला? माका पण लावूचा आसा." बघून सांगते, म्हणाले. जे प्रकाश रस्त्यावर उभं राहून सांगायचा, ते मला चार माणसांत सांगता आलं नाही. म्हणून इथे लिहिते आहे : लावू नका. त्या दिवशी पंपात डिझेल होतं.

कॅन साबणाने घासून परत पडवीतल्या खुंटीला लावलाय. वास अजून गेलेला नाही.