सरळ दातांचा गिअरबॉक्स

माझ्या बायकोला भूत लागलं आहे, ही गोष्ट आमच्या नंदाखाल गावात मला सगळ्यात शेवटी कळली.

नवऱ्याला अशा बातम्या उशिराच मिळतात म्हणा! शिवाय त्या दिवसांत माझं लक्ष घरात नव्हतं, गिअरबॉक्समध्ये होतं.

माझ्याकडे एक जुनी गाडी आहे. नाव सांगत नाही. पण एके काळी मंत्री आणि सिनेमातले स्मगलर जिच्यातून उतरायचे, तीच ती लांबलचक, काळी, रुंद नाकाची. तिचं मूळचं इंजिन थकलं, म्हणून अपघातात गेलेल्या एका दांडग्या गाडीचं इंजिन मी तिच्यात बसवून घेतलं. हे आमच्या आत्याला मुळीच पटलं नाही. (आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. सासर अर्नाळ्याकडचं, आता आमच्याकडेच असते, आणि तिन्हीसांजेनंतर घडणाऱ्या प्रत्येक गोष्टीचं कारण तिला ठाऊक असतं.)

“मेलेल्या गाडीचं काळीज काढून हिच्यात घातलंस?” ती म्हणाली. “त्या गाडीत कोन गेलं, कसं गेलं, विचारलंस तरी?”

“आत्या, इंजिन आहे ते.”

“तेच म्हनते मी. धडधडतं ना?”

नव्या इंजिनात जोर एवढा, की पहिल्याच रविवारी जुन्या गिअरबॉक्सने मान टाकली. निर्मळच्या रस्त्यावर मी ऐटीत क्लच सोडला, खालून सुपारी फोडल्यासारखा कडकड आवाज आला आणि माझ्या हातात उरला तो सैल लोंबणारा दांडा. गाडी ढकलत घरी आणली. (ढकलत होतो मी आणि माझी बायको मनीषा. आत्या आत बसून जप करत होती.)

मी वालीवच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळतो. त्यामुळे लोखंडातलं आपल्याला कळतं, असा माझा एक समज आहे. कारखान्याच्या मागच्याच गल्लीत इक्बालभाईंचं गॅरेज. त्यांनी जमिनीवर तीन गिअरबॉक्स मांडले.

“हा तिरक्या दातांचा. एकदम शांत चालेल, पण तुमच्या इंजिनासमोर किती टिकेल, खुदा जाने. हा जीपचा. टिकेल, पण खाली मावणार नाही, बॉडी कापायला लागेल. आणि हा सरळ दातांचा, शर्यतीच्या गाडीसाठी बनवलेला. हा तुटणार नाही, माझी गॅरंटी. फक्त जरा गातो.”

“गातो म्हणजे?”

“म्हणजे… ऐकाल तेव्हा कळेल.”

सोबत आलेली मनीषा म्हणाली, “अहो, शांत चालणारा घ्या ना. आणि इंजिनाचा जोर थोडा कमी करून घ्या.”

जोर कमी करा! हे म्हणजे मुंजीच्या जेवणात जिलबी नको म्हणण्यासारखं झालं. मी छाती काढून सरळ दातांवर बोट ठेवलं आणि जोडीला तेवढाच दणकट क्लचही बसवून घेतला. गाडी घेऊन निघालो, तर गाणं सोडाच, शेजारी बसलेली मनीषा काय ओरडत होती तेही कळलं नाही! मागचा सायलेन्सर मी हौसेने असा काही लावून घेतला होता, की त्याच्या गडगडाटापुढे देवळातला नगाराही लाजावा.

“कुठे गातो? इक्बालभाईंना कान तपासायला सांग!” मी म्हणालो. गाडी वाडीच्या टोकाच्या पत्र्याच्या शेडमध्ये ठेवली आणि रविवारखेरीज तिकडे फिरकायचं नाही, असा नियम केला. मनीषाला बजावलं, “हात लावू नकोस. क्लच जड आहे.”

मग थंडी पडली, आणि ते सुरू झालं.

कामावरून येऊन मी स्कूटर फाटकाशी लावली होती. उजेड नुकताच मावळत होता. केळीच्या वाडीत धुकं गुडघ्याएवढं साचलं होतं. एक पान हलत नव्हतं. आणि बांधापलीकडून तो आवाज आला.

बाई रडत होती.

आधी अगदी बारीक, दूर. मग सूर हळूहळू चढत गेला, इतका वर, की माझ्या दातांच्या मुळांना झिणझिण्या आल्या. मग एकदम थांबला. मी श्वास सोडला. तर पुन्हा सुरू, या वेळी खालच्या पट्टीत, जणू तिने मधेच नाक पुसून दुसऱ्या दुःखाला हात घातला होता! माडावरचे कावळे गप्प झाले. शेजारचा कुत्रा शेपूट घालून माझ्या दोन पायांच्या मध्ये येऊन बसला. कोण कोणाच्या आधाराला आलं होतं, सांगणं कठीण आहे.

घरात शिरलो तर आत्या दाराशीच.

“ऐकलंस?”

“काय?” माझा आवाज जवळजवळ त्याच पट्टीत लागला.

“रोज येते. या वेळेलाच. तू आज लवकर आलास म्हनून तुला कळलं.”

“मनीषा कुठाय?”

“चालायला गेलीय,” आत्या म्हणाली, आणि माझ्याकडे अशी बघत राहिली, की मला उगाचच थंडी वाजली.

थोड्या वेळाने मनीषा आली. केस विस्कटलेले, डोळे चमकत होते, बोटं काळी. अंगाला काहीतरी करपल्याचा वास. आणि डावा पाय ओढत होती.

“पायाला काय झालं?”

“काही नाही, दुखतोय जरा,” असं म्हणून ती स्वतःशीच हसली आणि डाळीला फोडणी द्यायला गेली.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या वाडीचे आंतोनकाका आले. साठी उलटलेला, देवावर भार टाकून मजेत राहणारा माणूस. पण त्यांचाही चेहरा उतरला होता.

“सुहास, केळी कापायला आलेली माणसं साडेपाचलाच पळतात रे. थांबतच नाहीत. आमच्याकडे संध्याकाळची रोझरीची प्रार्थना सुरू असली की नेमकी ती रडते. काल तर आमची मंडळी आमेन म्हणायलाही उठली नाहीत, खालीच बसून राहिली!” मग आवाज खाली नेऊन म्हणाले, “आणि लोक म्हणतात, ती रडायची थांबते आणि मग तुझी मनीषा बांधावरून येताना दिसते.”

त्या दिवसापासून मी माझ्याच बायकोवर नजर ठेवू लागलो. जे दिसलं ते चांगलं नव्हतं. टीव्ही बघता बघता तिचा डावा पाय आपोआप जमिनीत रुतायचा. त्याच क्षणी डावा हात हवेत काहीतरी मुठीत धरायचा, झटक्याने पुढे जायचा, मग तिरका मागे यायचा. ओठ पुटपुटायचे. एकदा आमटी वाढताना हे झालं आणि आमटी माझ्या मांडीवर आली. ती दचकली, माझ्याकडे पाहून म्हणाली, “चुकून तिसऱ्याऐवजी पहिला पडला.”

तिसरा कोण? पहिला कोण? मी मांडी पुसत जरा लांब सरकलो.

“घुमायला लागली,” आत्या कुजबुजली. “त्या इंजिनातली बाई हिच्यात आलीय. पाय बघितलेस का हिचे? उलटे नाय ना?”

सांगायला लाज वाटते, पण मी पाहिले. मनीषा दुपारी भाजी निवडत बसली होती, तेव्हा काहीतरी सांडल्याचं निमित्त करून मी पालथा पडून तिची पावलं तपासली. सरळ होती. फक्त डाव्या पोटरीला गोळा आला होता.

“काय शोधताय?”

“सुपारी,” मी म्हणालो. (मी सुपारी खात नाही.)

शेवटी आंतोनकाकांनी ठरवलं, की तोंड द्यायचंच. मी, ते आणि आत्या, असे तिघं तिन्हीसांजेला गल्लीच्या वळणावर जाऊन उभे राहिलो. काकांच्या हातात क्रूस, आत्याच्या मुठीत अंगारा. माझ्या हातात टॉर्च होता आणि मी तो त्या दोघांच्या मागे उभा राहून रोखला होता.

मनीषा घरात नव्हती. खरं सांगतो, त्या क्षणी मला गंमत वाटत नव्हती. धुक्यात बघताना मनात येत होतं, इतक्या वर्षांचा संसार, आणि समोरून ती आली आणि तिने मला ओळखलंच नाही तर?

सूर उठला. जवळ. आणखी जवळ. केळीच्या पानांमधून दोन पिवळट, मंद डोळे दिसले, जमिनीपासून हातभर वर. रडणं चढलं, थांबलं, खालच्या पट्टीत पुन्हा लागलं. डोळे आमच्याकडे वळले. आत्याने सगळा अंगारा एकदम उधळला, तो माझ्या डोळ्यांत गेला, आणि मी ओरडत रस्त्यात आडवा झालो.

रडणं बंद झालं. दार उघडल्याचा आवाज आला.

“अहो! असे रस्त्यात काय झोपलाय?”

मी डोळे चोळून पाहिलं. माझीच गाडी. नुसते पार्किंगचे दिवे लावलेली, कारण हेडलाइटचं बटण मनीषाला सापडलं नव्हतं. आणि स्टिअरिंगमागून उतरत होती ती माझीच बायको.

“तू… तू गाडी चालवतेस?”

“शिकतेय. तुम्ही चालवता तेव्हा आम्ही डोळे मिटून बसतो. म्हटलं, आपणच शिकावं.” मग पाय चोळत म्हणाली, “क्लच मात्र खरंच जड आहे हो.”

“आणि तो आवाज?”

“गिअरबॉक्सचा. मी तुमच्यासारखी गडगडवत नाही, सावकाश जाते, म्हणून ऐकू येतो. तुम्हाला माहीत नव्हतं?”

मला कसं माहीत असणार? गाडी दुसऱ्या कोणी चालवावी आणि मी बाहेर उभं राहून ऐकावं, असा प्रसंगच मी येऊ दिला नव्हता! आंतोनकाका कठड्याला धरून हसत होते. आत्या मात्र गाडीच्या नाकावर उरलासुरला अंगारा लावत होती.

हसता हसता काका एकदम गंभीर झाले. “पण काय रे, ही रडायला लागल्यापासून वाडीतला केळीचा एकही घड चोरीला गेला नाही. नारळसुद्धा नाही! चोर बाहेरगावचे, त्यांना हे भूतच वाटतंय!”

झालं! गावाने मनीषाला विनंती केली, की रोज तिन्हीसांजेला एक फेरी मारायचीच. ती मारतेही, मानाने. मध्यंतरी तिला सर्दी-ताप झाला, म्हणून मी गाडी काढली आणि साऱ्या वाड्यांभोवती अशी गडगडवत नेली, की घराघरांतली माणसं बाहेर आली.

सकाळी आंतोनकाका दारात.

“काल गाडी तू नेलीस ना?”

“हो! आवडलं?”

“माझे पाच घड गेले.” त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. “वाईट वाटून घेऊ नको, सुहास, पण तुला कोणी भीत नाही. पुढच्या वेळी मनीषा आजारी पडली, तर आत्याला शिकवून पाठव.”