देठ नसलेली फुलं

अमेरिकेतल्या रेडमंडमधल्या आमच्या युनिटेरियन चर्चच्या मंडळीत देव मानणारेही आहेत आणि न मानणारेही, पण फुलांचा रविवार कुणीच चुकवत नाही. प्रत्येकाने घरून फूल आणायचं, सगळ्यांच्या फुलदाणीत ठेवायचं आणि जाताना दुसऱ्या कुणाचं तरी घेऊन जायचं. त्या वर्षी नागपूरहून आई आलेली! तिला हे सगळं कधी दाखवते असं मला झालं होतं, म्हणून फुलांचं कामही तिच्यावरच सोपवलं.

तिने सकाळी अंघोळ करून कुंड्यांमधला झेंडू खुडला. चांगला परडीभर, आणि एकाही फुलाला देठ नाही! हे माझ्या लक्षात आलं ते थेट फुलदाणीपाशी.

"अगं आई, ही उभी कशी राहणार?"

"उभी कशाला राहायला हवीत? वाहायचीच आहेत ना?"

मी वैतागलेच. तेवढ्यात रविवारची कॉफी सांभाळणाऱ्या आजीबाई किचनमध्ये पळाल्या आणि सूपचं मोठं भांडं पाण्याने भरून घेऊन आल्या. झेंडू तरंगायला लागला तशी सगळी पोरं भांड्याभोवती गोळा झाली. फुलं घरी न्यायची वेळ आली तेव्हा सगळ्यात आधी ते भांडं रिकामं झालं!

आईने आजीबाईंचा लांब दांड्याचा गुलाब उचलला. गाडीत तिने तो दोन्ही हातांनी सांभाळला, मला हातसुद्धा लावू दिला नाही. घरी आल्या आल्या देवांसमोर गेली आणि दांडा कट्‌कन मोडला.

"हं," ती म्हणाली, "आता आपल्या घरचा झाला."