कासाच्या टेस्टरबाई

बाईंच्या अंबाड्यात फूल कधी दिसलं नाही, टेस्टर मात्र कायम असायचा. पिवळ्या मुठीचा, विजेचं काम करणाऱ्यांच्या खिशात असतो तसला. वर्गात आल्या की फळ्याकडे जाण्याआधी त्या तो उपसायच्या, भिंतीतल्या प्लगमध्ये खुपसून दिवा लागतो का बघायच्या आणि परत अंबाड्यात खोचायच्या. म्हणून कासाच्या बाजारात त्यांना सगळे टेस्टरबाई म्हणत. त्यांचं आडनाव मला शाळेच्या पाटीवर वाचल्यावर कळलं.

त्या मूळच्या समुद्रकाठच्या वरोरच्या. वडिलांच्या होडीचं इंजिन समुद्रात बंद पडायचं आणि वडील शिव्या देत बसायचे. तेव्हा ते खोलून बघायची सवय त्यांना लहानपणीच लागली, असं त्या सांगत. पुढे त्या विज्ञान शिकल्या, कासाच्या शाळेत लागल्या आणि बाजारातच एक खोली घेऊन एकट्या राहिल्या. त्या खोलीत पंखे, मिक्सर, रेडिओ यांचा ढीग पडलेला असे. लोक वस्तू आणून टाकत आणि बाई आम्हाला सांगत, "रडत बसू नका, खोलून बघा." नापास झालेल्या पोरालाही हेच, आणि दारुड्या नवऱ्याची तक्रार घेऊन आलेल्या बाईलाही हेच.

आम्ही नेपाळचे. कोकणात आंब्याच्या बागा राखायला नेपाळी माणसं असतात, तसे माझे बाबा चिकूची वाडी राखायला इकडे आले. मी आईच्या पाठीवर बांधलेली आले. वाडीत पत्र्याची खोली होती, समोर विहीर, आणि आमच्यापाशी आमच्या नावाचा एकही कागद नव्हता. बाबा मला शाळेत घेऊन गेले ते मान खाली घालूनच. "बाईजी, आमचा कागद नाय काय. जन्माचा पण नाय."

"मूल तर आहे ना?" बाई म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "नाव काय गं?"

"बिमला."

"बैस बिमला. उद्यापासून डबा आणायचा नाही, शाळेत खिचडी मिळते."

झाली भरती. बाबा दारात घुटमळत राहिले. इतक्या सहज काही होतं यावर त्यांचा विश्वास बसत नव्हता.

बाई कौतुक क्वचित करायच्या. फार खूश झाल्या तर "चालेल" म्हणायच्या. तो शब्द मिळवायला मी आणि सुनीता काय काय करत असू! सुनीता सायवनकडच्या पाड्यावरची, वारली घरातली. आम्ही एका बाकावर बसायचो. मी तिच्याकडून वारली बोली शिकले आणि ती माझ्याकडून नेपाळी शिव्या.

नववीत बाई आम्हाला वरोरला त्यांच्या घरी घेऊन गेल्या. किनाऱ्यावर बांबूच्या काठ्यांवर बोंबील वाळत टाकले होते. अवचित आभाळ भरून आलं, हवा दमट झाली आणि दोन दिवसांत सगळा माल कुजला. बाईंची वहिनी तो टोपल्यांत भरून फेकायला नेत होती. परत येताना जीपमध्ये सुनीता म्हणाली, "बाई, आतमधी वाळवले असते तर?"

बाईंनी मागे वळून बघितलं. "कशात?"

त्या प्रश्नावर आमचं अर्धं वर्ष गेलं. जुन्या कपाटाची पेटी, भंगारातल्या कॉम्प्युटरचे पंखे आणि एक तडा गेलेली सोलर प्लेट एवढ्यावर आम्ही वाळवणी यंत्र बनवलं. पहिल्या वेळी बोंबील शिजले. दुसऱ्या वेळी घोंगावणाऱ्या माश्यांनी पेटी भरली. शेवटी जाळी कुठे लावायची, वारा कुठून घ्यायचा हे जमलं आणि खडखडीत कोरडे बोंबील निघाले. बाईंनी एक मोडून वास घेतला आणि म्हणाल्या, "चालेल."

तालुक्याच्या प्रदर्शनात यंत्राला पहिला नंबर मिळाला, जिल्ह्यातही मिळाला. पुढच्या फेरीसाठी मात्र दोघींचे कागद मागितले. माझ्याकडे काय होतं? तिथले साहेब वाईट नव्हते. हळू आवाजात म्हणाले, "बाई, ह्या मुलीचं नाव काढा. यंत्र तरी पुढे जाऊ द्या."

सुनीता तिथल्या तिथे म्हणाली, "ही नाय तर मी पन नाय जायची."

मला वाटलं, आता बाई भांडतील. त्या भांडल्या नाहीत. सुनीताचं न ऐकता तिचं एकटीचं नाव घालून त्यांनी सही केली आणि मला घेऊन बाहेर आल्या. मी रागाने हात सोडवून घेतला. "तुम्ही काहीच बोलला नाहीत," मी म्हणाले.

"बोलून आज ते साहेब विरघळले असते. उद्या कॉलेजातले विरघळतील का?" बाई बाकावर बसल्या. "दहावीला मी तुला बसवीन. त्यापुढचं दार माझ्या हातातलं नाही. तुला इंजिनियरिंगला जायचंय ना? मग तुझा कागद जिथे निघतो तिथे जायला हवं. बाबांना बोलावून आण."

बाबा आले खरे, पण नेपाळ म्हटल्यावर भिंतीकडे तोंड करून बसले. मग हळूहळू सांगू लागले. त्यांचे स्वतःचेच कागद कधी झाले नव्हते. शेतावरून मोठ्या भावाशी भांडून ते तरुणपणी घर सोडून निघाले. नंतर आजोबा आजारी पडल्याचा निरोप आला तरी गेले नाहीत. आजोबा गेले तेव्हाही नाही. आता नोंद करायची तर त्याच भावाने 'हा माझा भाऊ' म्हणून सांगायला हवं होतं.

"तो मला दारात उभा नाय करणार," बाबा म्हणाले.

"मग अंगणात उभे राहू," बाई म्हणाल्या. "मी येते."

मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही तिघं निघालो. वाडी राखायला आई मागे राहिली. रेल्वे, मग बस, मग आणखी एक बस, मग चढण. बाई समुद्रकाठच्या, डोंगर बघून मधेच बसायच्या आणि म्हणायच्या, "हे एवढं उभं कोणी करून ठेवलंय?" पण परत फिरू या, असं एकदाही म्हणाल्या नाहीत.

काकांनी बाबांना ओळखलं आणि घरात निघून गेले. काकूंनी आम्हाला पाणी दिलं, गोठ्याशेजारी झोपायला जागा दिली. काका मात्र बोलेनात. बाई सकाळी उठून काकूंच्या शेजारी मक्याची कणसं सोलायला बसायच्या. एकीला मराठी येत नाही, दुसरीला नेपाळी, पण दोघींच्या गप्पा चालायच्या. बाबा अंगणाच्या कडेला उभे असायचे. असे काही दिवस गेले.

एका दुपारी काकांनी अखेर बाबांकडे न बघता विचारलं, "ही बाई तुझी कोण?"

"कोणी नाही, दाइ," बाबा म्हणाले. थोरल्या भावाला ते दाइच म्हणत. "पोरीची मास्तरीण."

"मग कशाला आली?"

बाबांनी बाईंना विचारलं. बाई हातातलं कणीस खाली ठेवून सरळ काकांशी मराठीत बोलल्या, "पोर हुशार आहे. तिला नाव पाहिजे. ते माझ्याकडे नाही, तुमच्याकडे आहे."

बाबांनी ते नेपाळीत सांगितलं. काकांनी माझ्याकडे बघितलं. मग म्हणाले, "बाप गेला तेव्हा खांद्याला मी एकटा होतो. ते मी विसरणार नाही." आणि थोड्या वेळाने, "पण परकी बाई इतका डोंगर चढून आली, आणि मी सख्खा काका बसून राहू?"

दुसऱ्या दिवशी ते पांढरी टोपी घालून आमच्यापुढे चालत कचेरीत गेले आणि म्हणाले, "हा माझा धाकटा भाऊ. ही त्याची मुलगी." बाबा तिथेच खाली बसले. काकांनी त्यांना दंडाला धरून उठवलं. बाई खिडकीकडे तोंड करून उभ्या होत्या.

सगळं एका फेरीत झालं नाही, बाबांना पुन्हा जावं लागलं. पण झालं. मी दहावी झाले आणि डिप्लोमाला मेकॅनिकलला माझा नंबर लागला. आज मी मासे आणि फळं वाळवायची यंत्रं बनवणाऱ्या एका कारखान्यात आहे, तलासरीला. सुनीता वीज खात्यात लागली आणि खांबावर चढते. काका दर दसऱ्याला फोन करतात.

मी शेवटच्या वर्षाला असताना बाई गेल्या. कावीळ झाली होती आणि त्यांनी ती अंगावर काढली. वरोरला मी पोचले तेव्हा किनाऱ्यावर माणसांची गर्दी होती, त्यात निम्मी तिथली नव्हती. वीटभट्टीवरची होती, वाडीतली होती, सायवनहून आलेली होती. त्या दिवसाचं मला फारसं आठवत नाही.

आठवतो तो कॉलेजला जायला निघाले तो दिवस. कासाच्या स्टँडवर बाई मला सोडायला आल्या होत्या. मी पाया पडायला वाकले तर म्हणाल्या, "उशीर होईल, गाडीत बस." जीप भरलेली होती, मी मागच्या फळीवर चढत होते. बाईंनी ड्रायव्हरला हाक मारली.

"हिला पुढे बसव रे. इंजिनियर आहे ती."

मी लाजेने मरायला टेकले. अजून कॉलेजची पायरीही बघितली नव्हती. पण ड्रायव्हरने पुढचा माणूस उठवून मागे पाठवला आणि मला जागा करून दिली. जीप सुटली. बाजार मागे पडल्यावर तो माझ्याकडे वळून आदराने म्हणाला, "ताई, दोन दिवस झाले गाडी असाच आवाज करतेय. जरा ऐका ना, काय बिघडलंय?"

मी मान पुढे केली, डोळे मिटले आणि हायवेवरचं चारोटी येईपर्यंत ऐकत राहिले.