मामा हलिमाच्या अंगणात मी लवंग लावली

आईने मला मसाल्याच्या लवंगा आणायला पाठवलं आणि मी इंडोनेशियाला गेले. मधे दीड वर्ष गेलं, पण सुरुवात तिथूनच. पनवेलच्या जुन्या बाजारात दुकानदार पुडी बांधता बांधता म्हणाला, "ही बघ, इंडोनेशियाची, तेलकट." मी विचारलं, "हिचं झाड कसं असतं हो?" तो म्हणाला, "मला काय माहीत? माझ्याकडे पोत्यातून येते." त्या विचारात मी धणे विसरून घरी आले आणि आईच्या शिव्या खाल्ल्या.

माझं असंच होतं. कॉलेज दोनदा धरलं, दोनदा सोडलं. नवीन पनवेलला मोबाइलच्या दुकानात काम करते, विचुंब्याला घरी राहते, आणि पैसे साठले की कुठेतरी निघते. निघेपर्यंत मी फार धीट असते. तिकीट काढलं की धास्ती बसते, ती परत येईपर्यंत जात नाही. या वेळी तर आल्यावरही गेलेली नाही. म्हणून लिहायला बसले.

आधी कामाचं. मुंबईहून जकार्ता, मधे एकदा विमान बदलून. व्हिसा तिथल्या विमानतळावरच मिळतो, तीस दिवसांचा, आपले साधारण तीन हजार रुपये. जकार्ताहून अंबोनला दुसरं विमान. तिथून पुढे मोठ्या बोटीने एक रात्र आणि मग लाकडी बोटीने जवळजवळ दहा तास. ही छोटी बोट आठवड्यातून एकदा, शुक्रवारी, तीही समुद्राच्या मर्जीने. बेटावर एटीएम नाही, रोख अंबोनलाच काढून घ्या. नेटवर्क फक्त धक्क्याच्या टोकाला. बेटाचं नाव मी लिहिणार नाही. कमेंटमध्येही विचारू नका.

अंबोनच्या बाजारात मी बोट लागू नये म्हणून गोळ्या घ्यायला निघाले होते. वाटेत एक बाई काळ्या पिशव्यांमधली रोपं घेऊन बसलेली. एका रोपाचं पान तिने चुरगाळून माझ्या नाकाशी धरलं. लवंग! आईच्या मसाल्याचा डबाच उघडला समजा. मी रोप घेतलं. गोळ्या राहिल्या. मग दहा तास एका हाताने बोटीची कड आणि दुसऱ्या हाताने रोप धरून मी ओकत होते. शेजारच्या आजोबांनी मला नाही, रोपाला सावली धरली.

ज्यांच्याकडे उतरायचं ठरलं होतं त्या हलिमाबाई धक्क्यावर उभ्या होत्या. साठीच्या, बारीक, डोक्याला फुलाफुलांचा रुमाल. तिकडे मोठ्या बाईला 'मामा' म्हणतात, म्हणून त्या मामा हलिमा. फोनवर आईला सांगितलं की मी मामाकडे राहतेय, तर ती म्हणाली, "तुला तिकडं कोन मामा निघाला नवीन?"

मी रोप पुढे केलं. मामांनी ते दोन्ही हातांनी घेतलं आणि वास घेतला. मग घरी जाऊन न्हाणीजवळच्या फळीवर ठेवलं. मी खुणेने विचारलं, कुठे लावूया? त्या म्हणाल्या, "नांती, नांती." म्हणजे नंतर. मला वाटलं, मुहूर्तबिहूर्त असेल.

राहणं-जेवण मिळून दिवसाचे आपले आठशे रुपये. फळ्यांचं घर, पत्र्याचं छप्पर, समोर लख्ख झाडलेलं अंगण. अंगणात मिरची, टॅपिओका, केळी. जेवायला माडासारख्या एका झाडाच्या खोडाचा चीक, म्हणजे आपल्या कांजीचा डिंक झाला तर जसं होईल तसं. काडीवर गुंडाळून हळदीच्या माशाच्या रश्श्यात बुडवायचं आणि न चावता गिळायचं. रस्सा मात्र आमच्या घरचा, आंबट आणि तिखट. मागे वाळत घातलेल्या मासळीचा वास आला आणि मला उरणच्या मावशीचं अंगण आठवून रडू फुटलं. आंघोळीला एक निळी प्लास्टिकची बादली होती. तिच्या तळाला भोक. एका पायाचा अंगठा बादलीखाली सरकवून त्यावर दाबून ठेवायचा आणि पटापट पाणी घ्यायचं. पहिल्या दिवशी साबण अंगावरच राहिला.

गावात इंग्रजी येणारा एकच माणूस, शाळेतले मास्तर. तिकडेही मास्तरांना गुरूच म्हणतात, 'पाक गुरू'. दुसऱ्या दिवशी मी किनाऱ्यावर पडलेला नारळ उचलला, तर ते धावत आले. "ठेव, ठेव! त्याला मालक आहे."

"पडलेल्यालाही?"

"प्रत्येक झाडाला मालक आहे. खालच्या जमिनीचा मालक वेगळा."

मला ते भारीच वाटलं. झाड एकाचं, जमीन दुसऱ्याची. आणि सातबारा नाही, काही नाही, सगळं डोक्यात. त्या नादात पुढे गेले तर गावाच्या टोकाला सिमेंटचे चार खांब उभे, मधे काही नाही, वर आभाळ. छान फोटो आला. कोणाचं घर होतं, हे विचारायचं राहून गेलं.

तिसऱ्या दिवशी मामा ओहोटीला शिंपल्या वेचायला गेल्या. फळीवर रोपाची पानं मलूल दिसायला लागली होती. मला काही काम नव्हतं, आणि काम नसलं की माझे हात गप्प बसत नाहीत. कोयत्याने स्वयंपाकघराच्या कोपऱ्याशी खड्डा केला, पिशवी फाडली, रोप लावलं, पाणी घातलं. मामा परतल्या. टोपली डोक्यावर तशीच धरून उभ्या राहिल्या. मला वाटलं, आता हसतील. त्या आत गेल्या. संध्याकाळी बघते तर रोपाभोवती बांबूच्या तीन काठ्या आणि जुन्या जाळ्याचा तुकडा, गाठी मारून पक्का बांधलेला. कोंबड्यांपासून, मला वाटलं.

सकाळी लाकडं घेऊन जाणारी एक बाई कुंपणाशी थांबली, बघितलं आणि आली तशी मागे फिरली. तासाभरात पाक गुरू दारात. चेहरा उतरलेला.

"हे कोणी लावलं?"

"मी."

त्यांनी डोक्याला हात लावला. मग पायरीवर बसून सांगितलं. मामा हलिमा इथल्या नाहीत. चाळीस वर्षांपूर्वी नवऱ्याबरोबर दुसऱ्या बेटावरून बोटीने आल्या. इथल्या जुन्या घराण्याने त्यांना राहायला जागा दिली, फुकट, कितीही वर्षं राहा. अट एकच. "मिरची चालते, केळी चालतात. खाऊन संपतं ते सगळं चालतं. माणसापेक्षा जास्त जगतं ते लावायचं नाही."

"का?"

"राहायला दिलेल्या जागेत झाड लावलं म्हणजे जमीन माझी, असं म्हणणं झालं ते."

मी चार खांबांबद्दल विचारलं. ते म्हणाले, त्या माणसाने जायफळाची पाच झाडं लावली होती. त्याने घराच्या फळ्या काढल्या, बोटीत घातल्या आणि गेला. खांब नेता आले नाहीत. मामांचं काय करायचं, हे आता जुनं घराणं बैठक घेऊन ठरवणार.

मला माझीच लाज वाटली. कारण मला हे समजायला पाक गुरूंची गरजच नव्हती. मी विचुंब्याची आहे. आमच्या शेताची सरकारी मोजणी होणार कळलं तेव्हा बाबांनी दोन दिवसांत बांधावर आंब्याची चाळीस कलमं लावली होती, सगळ्या गावाने लावली होती. झाड मोजलं जातं, लिहिलं जातं, भरपाईत धरलं जातं, हे मला नाक पुसता येत नव्हतं तेव्हापासून माहीत. आणि तरी मी परक्या बाईच्या अंगणात कोयता घेऊन बसले.

धक्क्याच्या टोकाला जाऊन बाबांना फोन लावला. लाटांच्या आवाजात ओरडून सगळं सांगितलं. माझा एकेक मुद्दा तीनदा सांगावा लागतो त्यांना, पण हे पहिल्या फटक्यात कळलं.

"त्या बाईनं बगितलं होतं, तू लावलंस तवा?"

"नंतर बघितलं. काही बोलली नाही. कुंपण घातलं तिने."

मधेच खरखर झाली. मला वाटलं फोन कटला.

"कुंपन घातलंन? मंग तिला पायजे हाय ती जमीन, बाय. चाळीस वर्सं झाली ना?"

"मग मी काय करू?"

"बैठक कवा हाय?"

"शनिवारी. माझी बोट शुक्रवारी आहे."

"बोट जाव दे. झाड तू लावलंस, तर तितं तूच उभी राव. तिला एकटीला नको टाकू."

शुक्रवारी बोट गेली. पुढची विमानाची तिकिटं बुडाली. धक्क्यावर बोट लहान होताना बघत होते आणि व्हिसाचे उरलेले दिवस बोटांवर मोजत होते. अजून सतरा, पुरतील. घरी मामा नेहमीसारख्या जेवायला वाढायच्या, माशाचा मोठा तुकडा मलाच. मी "माफ" म्हणायचे, हा शब्द तिकडेही चालतो. त्या मान हलवायच्या. रोपाला सकाळ-संध्याकाळ पाणी घालायच्या, माझ्याकडे न बघता.

शनिवारी सकाळी जुन्या घराण्यातले पाच जण अंगणात आले. त्यांतले सगळ्यात म्हातारे, ज्यांना सगळे 'तेते' म्हणजे आजोबा म्हणत होते, ते खुर्चीवर बसले, बाकीचे ओट्यावर. पाक गुरू माझ्या शेजारी, कानात इंग्रजी सांगत.

तेतेंनी विचारलं, "रोप कोणी लावलं?"

"मी. मामा घरी नव्हत्या. त्यांना माहीत नव्हतं."

"आणि कुंपण?"

ओट्यावरचे सगळे मामांकडे वळले. मामा दाराच्या चौकटीला धरून उभ्या होत्या, खाली बघत. रोप ही पाहुणीची चूक. पण कुंपण कोणाचं, यावर मामांचं घर राहणार की जाणार ते होतं.

"तेही मीच," मी म्हटलं.

तेते काठी टेकत उठले. वाकून एक गाठ दोन बोटांत धरली. त्या गाठी मला आजही सुटणार नाहीत. "तुझ्या देशात जाळं असं बांधतात?"

"आमच्या उरणला असंच बांधतात," मी म्हटलं.

ओट्यावरचा एक जण खुदकन हसला. तेते हसले नाहीत. गाठ सोडून दिली, परत बसले आणि मामांना म्हणाले, "हलिमा, ही जमीन कोणाची?"

"तुमची."

परत विचारलं. "तुमची." तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा मामांचा आवाज फुटला नाही, नुसते ओठ हलले. तेवढं त्यांना पुरलं. मला वाटलं, माझ्या पायाखाली भोक पडावं. नवऱ्याची कबर त्याच गावात, मशिदीमागे. चाळीस वर्षांत हे मामांना बहुतेक कोणी विचारलं नव्हतं. माझ्यामुळे विचारलं.

मी रोप उपटायला वाकले तर तेते ओरडले. पाक गुरू घाईघाईने म्हणाले, "मारू नकोस म्हणतात. जिवंत झाड मारायचं नाही. मातीसकट काढ."

मग तेते मामांना म्हणाले, "भांडं आण. भांड्यात ठेव. मुळं जमिनीला लागली नाहीत तर ते झाड नव्हे, सामान आहे. सामान बोटीत घालून नेता येतं."

मामा आत गेल्या. स्वयंपाकघरात पत्र्याचा डबा होता, पातेलं होतं, रंगाचा रिकामा ड्रम होता. त्या निळी बादली घेऊन आल्या.

माझ्या पायाचा अंगठा आपोआप दाबला गेला. मी रोप मुळांसकट उचलून बादलीत ठेवलं, त्यांनी माती भरली. आमचे हात एकमेकींना लागले. तेते बघत होते. बादली त्यांनी उचलून बघितली नाही. मी वरून माती दाबून बसवली.

पुढचा शुक्रवार येईपर्यंत सहा दिवस मी दर सकाळी बादली जागेवर आहे का बघायचे. स्वयंपाकघराच्या कोपऱ्याशी, खड्डा होता बरोबर तिथेच. निघताना मामांनी मला दुसऱ्याच्या झाडाच्या, विकत घेतलेल्या लवंगा दिल्या, मूठभर, कागदात.

तुम्ही कधी अशा ठिकाणी गेलात तर बोट लागायच्या गोळ्या न्या, रोख न्या, विमानाचं तिकीट बदलता येईल असं काढा. मास्तरांना वह्या आवडतात. रोप नेऊ नका. दिलेल्या जागेत राहणाऱ्या माणसाला काय लागेल, हे आपल्याला तीन दिवसांत कळतं असं समजू नका. मला घरचंच उदाहरण माहीत असून कळलं नाही. आमची ती चाळीस कलमं मोजणीपुरती होती. मोजून झाल्यावर त्यांना कोणी पाणी घातलं नाही. शेतावरून आता रस्ता जातो. मी रोज त्याच रस्त्याने कामाला जाते आणि इतकी वर्षं मला एकदाही त्या कलमांची आठवण आली नव्हती. आता रोज येते.

आईने लवंगा मसाल्यात घातल्या, म्हणाली, "दुकानातल्यापेक्षा काय वेगल्या नाय." गेल्या आठवड्यात पाक गुरूंनी फोटो पाठवला. निळी बादली, त्यात लवंग, चार नवी पानं, लालसर. मी बाबांना दाखवला. त्यांनी चष्मा वर केला, फोन डोळ्यांजवळ नेला, दोन बोटांनी चित्र मोठं करत करत खाली बादलीच्या बुडाशी गेले.

"भोक हाय ना हिला?"

"हाय," मी म्हटलं.

बाबांनी चष्मा खाली घेतला. मग फोन परत देत म्हणाले, "तिला सांग, पानी कमी घाल. वर पानी कमी पडलं का झाडाची मुलं खाली जातात."

मी ते वाक्य भाषांतराच्या ॲपमध्ये टाकलंय. तीनदा तपासलं, बरोबर आहे. पण निरोप पाक गुरूंच्या फोनवर जाणार, आणि पाक गुरू तेतेंच्या शेजारी राहतात. आठ दिवस झाले. अजून पाठवलेलं नाही, पुसलेलंही नाही.