रॅमजवळचा पिवळा दिवा

गेल्या रविवारी सकाळी, दुरुस्तीचा अंदाज सहा हजार दोनशे रुपयांचा; हजर मी, मुलगी ऋचा आणि कॉम्प्युटर दुरुस्त करणारे गृहस्थ. पडदा काळा होता आणि सोमवारी द्यायचा ऋचाचा प्रकल्प आत अडकला होता.

"मदरबोर्ड गेलाय, काका. बदलावाच लागेल," मोबाइलमधून मान वर न करता ते म्हणाले.

कॉम्प्युटरच्या उघड्या डब्यात रॅमच्या पट्टीशेजारी मोहरीएवढा पिवळा दिवा जळत होता. ऋचाने विचारलं, "हा कशाचा?"

"तो असतोच."

ते गेल्यावर आम्ही माहितीपुस्तिका काढली. हा दिवा विझत नसेल तर रॅम तपासा, असं तिच्यात स्पष्ट छापलं होतं. वीज बंद करून पट्टी काढली, तिची सोनेरी कड ऋचाच्या खोडरबराने पुसली आणि परत बसवली. दिवा विझला, पडदा उजळला.

राग पैशांचा नाही. कुठे दुखतंय ते यंत्र दाखवत होतं आणि ज्याचा तो धंदा, त्याने वाकून पाहिलं नाही. वडील दवाखान्यात बोटाने पोट दाखवत होते, तेव्हाही समोरचा माणूस फाइलच चाळत होता. तेव्हा मीही गप्प बसलो होतो.

शेवटी दिले ते भेटीचे तीनशे, त्या गृहस्थांना; आणि खोडरबराचे पाच, ऋचाला.