पाण्यातला गणपती आणि वरचं कोर्ट

नवं शतक नुकतंच लागलं होतं. शिकागोत, डेव्हन ॲव्हेन्यूच्या मागच्या गल्लीत मुलाच्या घरी राहायला गेले तेव्हा मी छप्पन्न वर्षांची, म्हणजे अगदीच अल्लड होते. कायद्याचं माझं सगळं शिक्षण टीव्हीवरच्या मालिकांत झालेलं. तरी सल्ले द्यायला मी पुढे!

खालच्या मजल्यावर एक पंजाबी मुलगी राहायची. तिची कागदपत्रं पक्की, लेक तर तिथेच जन्मलेली. नवऱ्याला मात्र एका जुन्या किरकोळ गुन्ह्यावरून सरकारनं एकदा देशाबाहेर काढलेलं. तो लेकीच्या ओढीनं चोरून परत आला, मिठाईच्या दुकानात जिलब्या तळू लागला. एकदा सिग्नल तोडला, पोलिसांनी थांबवलं आणि सगळं उघड झालं. मला वाटलं, फार तर पुन्हा विमानात बसवतील. कोर्टानं आधी कित्येक वर्षांचा तुरुंग ठोठावला. मी तिलाच विचारलं,

"अगं, त्यानं कुणाचा खून केला का?"

वकिलानं अपील केलं. मी लगेच आमचा पितळी गणपती वाटीतल्या पाण्यात ठेवला. अपील जिंकेपर्यंत बाहेर काढणार नाही म्हटलं. शिकागोची थंडी, म्हणून पाणी तेवढं कोमट.

सून ऑफिसला निघताना डोकावायची. "आई, बाप्पाला न्यूमोनिया होईल. अपीलला खूप टाइम लागतो."

"तू गाडी नीट चालव. कोर्टाचं मी बघते."

सुनावणीच्या दिवशी मी त्याच्यासाठी पराठ्यांचा डबा भरून तयार! तर म्हणे, त्याला आणणारच नाहीत. नुसते वकील बोलणार. ज्याचं आयुष्य टांगलंय तोच गैरहजर? पराठे मग सुनेच्या डब्यात गेले.

पुढे अपील जिंकलं. तो जुना गुन्हा गंभीर धरून शिक्षा चुकीनं वाढवली होती. ती कमी झाली, आणि कमी झालेली जवळजवळ भोगूनही झालेली. मी गणपती पुसला, मोदक केले, खाली धावले.

"घरी कधी येतोय गं?"

ती दार धरून उभी राहिली. "घर नहीं, आंटी. जालंधर." मग हिंदीतच सांगू लागली, सुटला की तुरुंगातूनच त्याला विमानाला नेणार.

"पण आपण जिंकलो ना?"

"जिंकलो, म्हणून लवकर नेणार. आत तो खंगत चालला होता, आंटी. पण इथे काचेपलीकडून का होईना, पोरीला बाप दिसायचा."

"तुला हे ठाऊक होतं?"

"पहिल्या दिवसापासून. तुमची ती वाटी बघितली की सांगवायचं नाही."

मोदकांचा डबा तिनं माझ्या हातातून अलगद काढून घेतला. मी वर आले आणि वाटी पुन्हा भरली.

सुनेनं विचारलं, "आई, आता काय मागताय?"

त्यानं आत राहावं, की जावं? पाणी गार झालं तरी गणपती माझ्या हातातच होता.