सत्तेचाळीस नंबरचा साक्षीदार

आधीच सांगते, मी शाळेत रसायनशास्त्र शिकवून रिटायर झालेली बाई आहे. भूत दिसलं म्हणणाऱ्या मुलींना मी वर्गाबाहेर उभं करायची आणि परत दिसलं तर त्यालाही आत घेऊन या म्हणायची. त्यामुळे हे लिहायला मला लाज वाटतेय... पण आता दादाही गेला. लपवायचं तरी कोणापासून?

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. बडोद्यात मकरपुऱ्याला त्याचा रबराचा कारखाना होता. कारखाना कसला — एक शेड, रबर साच्यात दाबायचे दोन प्रेस आणि रमणभाई नावाचे जुने कारागीर. रशिया फुटला, आपल्या जुन्या रशियन लढाऊ विमानांचे सुटे भाग वेळेवर येईनासे झाले, तेव्हा इंधनाच्या नळ्यांच्या सांध्यात बसणाऱ्या रबरी रिंगा दादा बनवायला लागला. दरवर्षी कोणीतरी त्याला सांगायचं, आता नवी विमानं येणार, तुझं काम संपलं. नवी यायची तेव्हा येवोत, तोवर जुनी उडायला हवीत ना, म्हणायचा तो.

आणि त्यातलंच एक जुनं विमान त्याचा मुलगा उडवायचा. अभय.

अभय तीन वर्षांचा असताना वहिनी गेल्या. मी लग्न केलं नव्हतं. सुभानपुऱ्याच्या घरात आम्ही तिघंच. त्याला आंघोळ घालून, खसाखसा पुसून, पावडर थापून शाळेत धाडायचं काम माझं. ओलाच पळायचा आणि धपाटा खायचा. आमच्याकडे पणजोबांपासून संस्थानच्या फौजेतली माणसं, तेव्हा तो हवाई दलात गेला याचं कोणाला नवल वाटलं नाही. पुढे नव्या विमानांवर जायची संधी आली, तेव्हा हा पठ्ठ्या जेवताना म्हणाला, "आत्या, जुन्यात बाबांची रिंग आहे. आपण निवांत." दादानं ऐकू न आल्यासारखं केलं आणि परत भात वाढून घेतला.

आता साक्षीदार म्हणजे काय ते सांगते. प्रत्येक लॉटमधली एक रिंग दादा पाठवायचा नाही. छोट्या डब्यात, लॉटचा नंबर आणि जाडी लिहिलेल्या चिठ्ठीसकट ठेवून द्यायचा. उद्या तक्रार आली तर हिलाच विचारायचं, म्हणून ती साक्षीदार. रबर चिकटू नये म्हणून शंखजिऱ्याची पावडर लावायची, उजेड लागू नये म्हणून लोखंडी कपाटात ठेवायची. सुट्टीच्या दिवसांत कपाटाची किल्ली माझ्याकडे, कारण तेव्हा तिथली वही मी बघायची. नियम एकच — घासलेटात बुडवून तपासलेली रिंग या कपाटात परत आणायची नाही. विमानाचं इंधनही घासलेटाच्याच जातीचं; त्यात रबर फुगतं, मग साक्ष खोटी पडते.

मे महिना होता. खंडेराव मार्केटमधून कैऱ्या घेऊन मी शेडवर गेले. कपाट उघडलं आणि घासलेटाचा असा भपकारा आला की मी मागे सरले. एकेक डबा उघडून बघितला. सगळे कोरडे. सत्तेचाळीस नंबरच्या डब्यातली रिंग मात्र चिंब ओली... आणि गरम. उन्हानं तापलेली नव्हे हो, कपाट आतून गार होतं. तव्यावरून काढल्यासारखी गरम.

मला काय वाटावं? राग आला! दादानंच घाईत तपासणीतली रिंग इथे टाकली असणार. फडकं घेतलं, रिंग खसाखसा पुसली, पावडर लावली, झाकण दाबलं आणि ओरडले, "दादा, अक्कल गहाण ठेवलीस का? सत्तेचाळीसची ओली रिंग साक्षीदारांत?"

"मी हात लावला नाही त्या कपाटाला," तो प्रेसवरूनच म्हणाला. "किल्ली तुझ्याच कमरेला असते ना?"

"बेन, शांती राखो," रमणभाई म्हणाले. "गरमीमां वास आवे ज."

मी बडबडत वहीत नेहमीसारखी वेळ लिहिली. कपाट उघडलं, सव्वाअकरा.

दोनच्या सुमारास फोन आला. दादानं घेतला. नुसतं "हां जी... हां जी..." करत राहिला. मग फोन नीट जागेवर ठेवला आणि म्हणाला, "अभयचं विमान पडलं. अकरा वाजून दहा मिनिटांनी."

पुढचं लिहवत नाही. दादा रडला नाही. तेराव्यापर्यंत येणाऱ्या-जाणाऱ्यांशी नीट बोलला. पण घरात दोघंच असलो की एकच — "माझी रिंग गेली असेल का गं?" जेवताना ताटावरून हात काढून तेच. पहाटे माझ्या दाराशी उभा राहून तेच.

दोन महिन्यांनी अभयचा एक मित्र, त्यांच्या विमानांच्या देखभालीवरचा, त्याची ट्रंक घेऊन आला. म्हणाला, "काका, पक्षी आदळला. चौकशीत तेच निघालंय. तुमच्या मालाचा काही संबंध नाही."

दादानं विचारलं, "त्याच्या विमानात लॉट कुठला होता?"

तो पोरगा कासावीस झाला. पण खिशातून डायरी काढून त्यानं बघितलं. सत्तेचाळीस.

दादानं माझ्याकडे बघितलं. तसेच चपला घालून आम्ही शेडवर गेलो. किल्ली मी त्याच्या हातात दिली, त्यानंच फिरवली. रिंग कोरडी होती, मी पुसून ठेवली होती तशीच. त्यानं तीनदा जाडी मोजली. चिठ्ठीवर लिहिली होती त्यापेक्षा जास्त भरली. फुगलेली होती ती. इंधनात राहिलेली. मग भिंग घेऊन तो तिच्या कडेकडेनं फिरला. एक चीर नाही, एक ओरखडा नाही.

"धरून होती गं," तो म्हणाला. "शेवटपर्यंत धरून होती." आणि खाली फरशीवर बसून तो त्या दिवसापासून पहिल्यांदा रडला.

मला वाटलं, आता याला थोडी शांती मिळेल. तर डोळे पुसून म्हणाला, "मग पोरगं का गेलं?"

दुसऱ्या दिवशी तो नेहमीच्या वेळेला कामावर गेला. मी अडवलं, तर म्हणाला, "बाकीच्यांची पोरं उडतायत अजून." पुढे बरीच वर्षं त्यानं रिंगा केल्या.

आता शेड विकली. डबा माझ्या कपाटात आहे. इंधनानं फुगलेलं रबर वाळलं की परत आकसतं, हे मीच मुलींना शिकवलेलं. ही रिंग आकसली नाही. दरवर्षी मोजते, तेवढीच भरते. माझ्या एका हुशार विद्यार्थिनीनं सांगितलं, बाई, मोजण्यात चूक असेल, रिंगांची अदलाबदल झाली असेल, कोणाच्या तरी हातून घासलेट सांडलं असेल. असेल बाई. माझ्याकडे दुसरं उत्तर नाही.

पण उत्तर नाही याचं मला दुःख नाही. पाच मिनिटांत तो एवढ्या लांबून आत्याकडे आला होता असं धरलं, तर ओला होता, तापलेला होता... आणि मी त्याच्यावर ओरडले, त्याला खसाखसा पुसलं, पावडर लावली आणि झाकण दाबून बंद केलं. एकदा हातात धरून नीट बघितलंसुद्धा नाही.